विद्यापीठ परिसरातील शाश्वतता-जाणीव आणि सवयी यांचे मापन

विद्यापीठाच्या आवारात शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांना शाश्वततेविषयी (म्हणजे निसर्ग, अर्थव्यवस्था आणि समाज पुढच्या पिढ्यांसाठीही टिकून राहतील अशा जगण्याविषयी) काय ठाऊक आहे, तिच्याबद्दल काय वाटते आणि रोजच्या जगण्यात ते प्रत्यक्षात काय करतात, हे ठरावीक पद्धतीने आणि ठरावीक काळाने तपासण्याची प्रक्रिया. त्यासाठी प्रश्नावली, ज्ञानचाचणी, निरीक्षण, कचऱ्याची तपासणी आणि वीज-पाण्याच्या मीटरवरील नोंदी वापरल्या जातात. इमारतींची ऊर्जाबचत, सांडपाण्याचा पुनर्वापर, कार्बन उत्सर्जनाचा ताळेबंद हा परिसराच्या शाश्वततेचा दुसरा भाग झाला; तिथे यंत्रणा मोजली जाते. इथे मोजायची असतात माणसे, आणि ‘कळतं पण वळत नाही’ ही म्हण या विषयातील सर्वांत मोठी अडचण चार शब्दांत सांगते.

पार्श्वभूमी

पर्यावरण शिक्षणाविषयी १९७७ मध्ये जॉर्जियातील तिबिलिसी येथे झालेल्या आंतरशासकीय परिषदेने जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्ये आणि सहभाग अशी पाच उद्दिष्टे ठरवली. पुढे मोजमापाची जी साधने तयार झाली, त्यांच्या मुळाशी हीच विभागणी दिसते. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे सर्वत्र पोहोचली. १९९० मध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या पुढाकाराने फ्रान्समधील तालुआर येथे जगातील २२ विद्यापीठप्रमुख एकत्र आले आणि त्यांनी दहा कलमांचा जाहीरनामा तयार केला. सर्व विद्यार्थ्यांमध्ये पर्यावरणसाक्षरता रुजवणे हे त्यातील एक कलम होते. पुढे शेकडो विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या. पण पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी खरोखरच साक्षर झाला का, हे तपासण्याची सक्ती या जाहीरनाम्यात नव्हती.

ती उणीव काही अंशी भरून काढली ‘स्टार्स’ या मूल्यांकन पद्धतीने. उच्च शिक्षणातील शाश्वततेसाठी काम करणाऱ्या ‘आशे’ या अमेरिकी संघटनेने ती विकसित केली. तिच्यात ज्ञानाची चाचणी आणि परिसराच्या संस्कृतीचे (म्हणजे मूल्ये, वर्तन, श्रद्धा यांचे) सर्वेक्षण अशी दोन वेगळी कलमे आहेत. लोकांना गुण किती मिळाले यावर नव्हे, तर मोजणी किती व्यापक आणि नेटकी झाली यावर विद्यापीठाला गुण मिळतात. ही रचना शहाणपणाची आहे. लोकांच्या उत्तरांवर विद्यापीठाचा क्रमांक ठरू लागला, तर सोपे प्रश्न विचारण्याचा मोह कोणालाही आवरणार नाही. युनिव्हर्सिटास इंडोनेशियाने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रीनमेट्रिक’ या जागतिक क्रमवारीत परिसररचना, ऊर्जा, कचरा, पाणी, वाहतूक आणि शिक्षण-संशोधन असे विभाग आहेत. तिचा भर सोयी-सुविधा आणि कार्यक्रमांवर असल्याने माणसांच्या सवयींचे चित्र तिच्यातून फारसे मिळत नाही.

जाणीव मोजणे

जाणीव हा शब्द बोलताना सैल वापरला जातो, मोजताना मात्र तो उकलावा लागतो. हरितगृह वायू म्हणजे काय हे माहीत असणे वेगळे, त्याची काळजी वाटणे वेगळे आणि आपल्या आवारात कचरा वेगळा करण्याची सोय कुठे आहे हे ठाऊक असणे आणखी वेगळे. तिन्हींची गोळाबेरीज करून काढलेला एकच आकडा कशाचाच नेमका अर्थ सांगत नाही.

ज्ञानासाठी बहुपर्यायी चाचण्या आहेत. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात तयार झालेली चाचणी पर्यावरण, अर्थव्यवस्था आणि समाज या तिन्ही अंगांवर प्रश्न विचारते. तिची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे आणि जाणकार व अजाण यांच्यात तो किती नेमका फरक करतो, हे संख्याशास्त्राने पारखून तिच्यातील प्रश्न निवडले गेले. २०१२ च्या रिओ+२० परिषदेनंतर उभी राहिलेली ‘सुलिटेस्ट’ ही ऑनलाइन चाचणी अनेक देशांतील विद्यापीठे वापरतात. बहुतेक घरगुती बनावटीच्या चाचण्या झाडे, प्लॅस्टिक आणि हवामान यांच्यापलीकडे जात नाहीत. श्रम, विषमता, उपभोगाची किंमत कोण मोजतो हे प्रश्न त्यांत नसतात. अशा चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्याला शाश्वतता कळली असे म्हणता येत नाही.

वृत्तीसाठी सर्वाधिक वापरले गेलेले साधन म्हणजे रायली डनलॅप आणि केंट व्हॅन लीर यांची १९७८ ची ‘नवीन पर्यावरणीय प्रतिमान’ मापनश्रेणी. तिच्या २००० मधील सुधारित रूपात १५ विधाने आहेत. त्यांपैकी ८ विधानांना ‘सहमत’ म्हणणे पर्यावरणाच्या बाजूचे ठरते, तर ७ विधानांना ‘असहमत’ म्हणणे. त्यामुळे न वाचताच सगळीकडे होकार देणारा उघडा पडतो.

भाषेचा प्रश्न याच टप्प्यावर येतो. मराठीत ‘शाश्वत’ म्हटले की पुष्कळांच्या मनात आधी ‘चिरंतन’ हा अर्थ उभा राहतो. ‘तुम्हाला शाश्वततेविषयी किती माहिती आहे?’ असा प्रश्न विचारला, तर ज्याने आयुष्यभर पाणी जपून वापरले तोही ‘काहीच नाही’ वर खूण करील आणि ज्याने व्याख्यानात हा शब्द दोनदा ऐकला तो ‘बरीच’ वर. म्हणून अनुवादित प्रश्नावली आधी दहा-वीस जणांकडून मोठ्याने वाचून घ्यावी, त्यांना प्रश्न काय समजला ते त्यांच्याच शब्दांत ऐकावे आणि शक्य तिथे संज्ञा गाळून दिवे, नळ, ताट, प्रवास यांविषयी विचारावे.

सवयी मोजणे

वर्तनाविषयी विचारण्याची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे लोकांनाच विचारणे. तिचा दोषही त्यातच आहे. चांगले दिसणारे उत्तर देण्याकडे माणसाचा कल असतो, आणि आपण काय केले हे त्याला नीट आठवतही नाही. क्रिस्टिन कॉर्मोस आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी २०१४ मध्ये आधीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा लोकांनी सांगितलेले पर्यावरणपूरक वर्तन आणि वस्तुनिष्ठपणे मोजलेले वर्तन यांच्यातील सहसंबंध सुमारे ०.४६ निघाला (० म्हणजे काहीच नाते नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे प्रत्यक्ष वर्तनातील चढउतारांपैकी जेमतेम २१ टक्के भाग लोकांच्या सांगण्यातून उलगडतो. सांगणे अगदीच निरर्थक नाही, पण केवळ त्यावर धोरण उभारणे धोक्याचे आहे.

प्रश्नच नीट घातले तर अंतर थोडे कमी होते. ‘तुम्ही सहसा दिवे बंद करता का?’ यापेक्षा ‘गेल्या सात दिवसांत खोली रिकामी असताना दिवा किती वेळा चालू राहिला?’ हा प्रश्न बरा. तरीही शेजारी मीटर हवाच. वसतिगृहांना स्वतंत्र वीज व पाणी मीटर, भोजनगृहात परत आलेल्या ताटांतील उष्ट्याचे वजन, कचरापेट्या रिकाम्या करून त्यातील जिन्नस वेगळे करून तोलणे, सकाळी प्रवेशद्वारावर एकट्या चालकाच्या गाड्या मोजणे, ही साधी साधने आहेत. ती कोणालाही काही विचारत नाहीत, त्यामुळे कोणी त्यांच्यासमोर चांगले वागून दाखवत नाही. उष्ट्याचे वजन करताना मात्र त्या दिवशी किती जण जेवले हे नोंदवायलाच हवे. माणशी ग्रॅम हा आकडा नसेल तर दोन दिवसांची तुलना होत नाही.

अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयात २००५ मध्ये झालेली वसतिगृहांची ऊर्जाबचत स्पर्धा या क्षेत्रात वारंवार उद्धृत होते. दोन आठवड्यांत वीजवापर ३२ टक्क्यांनी घटला. ज्या वसतिगृहांना आपला वापर त्या त्या क्षणी पडद्यावर दिसत होता तिथे घट ५५ टक्के होती, इतरत्र ३१ टक्के. पाण्याचा वापर मात्र केवळ ३ टक्क्यांनी कमी झाला. माणसे तीच, पंधरवडा तोच, उत्साहही तोच. तरी विजेच्या बाबतीत एक चित्र आणि पाण्याच्या बाबतीत दुसरेच. ‘पर्यावरणपूरक सवय’ नावाची एकसंध गोष्ट नसते, हे त्या दोन आकड्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही प्रश्नावलीतून दिसत नाही. म्हणून वीज, पाणी, अन्न, प्रवास, खरेदी आणि कचरा यांचे निर्देशांक वेगवेगळे ठेवणे योग्य. मिशिगन विद्यापीठाने २०१२ मध्ये रॉबर्ट मारान्स आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केलेल्या दीर्घकालीन सर्वेक्षणात हीच वाट धरली गेली. तिथे विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्यासाठी प्रवास, कचरा, अन्न आदींचे स्वतंत्र निर्देशांक काढले गेले.

स्पर्धेत केलेली बचत ही सवय असते का? सवय म्हणजे विचार न करता घडणारी कृती. ती किती वेळा घडते एवढ्यावरून ठरत नाही. बास व्हर्प्लँकेन आणि शीना ऑर्बेल यांनी २००३ मध्ये मांडलेली १२ विधानांची श्रेणी नेमका हा आपोआपपणा मोजते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एखादी रोजची कृती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक (सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ६६ दिवस होता. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्यामुळे पंधरवड्याच्या मोहिमेनंतर लगेच घेतलेले मीटरचे आकडे सवयीविषयी फार थोडे सांगतात. मोहीम संपल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे लागते, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

वागण्यामागचे कारण शोधताना मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ च्या लेखात सविस्तर मांडलेला नियोजित वर्तनाचा सिद्धांत उपयोगी पडतो. वृत्ती, भोवतालच्या लोकांची अपेक्षा आणि ‘हे माझ्या हातात आहे’ ही भावना या तिन्हींतून हेतू घडतो, असे तो सांगतो. तिसरा घटक विसरला की मोजणी अन्यायकारक होते. ज्या विद्यार्थ्याच्या खोलीतील पंखा आणि दिवा एकाच बटणावर चालतात, किंवा ज्याच्या घरापासून बसच येत नाही, त्याच्या वर्तनाचा गुण कमी लागला तर दोष त्याच्या वृत्तीचा नसतो. प्रत्येक सवयीबरोबर ती पाळण्याची सोय उपलब्ध आहे का, हेही विचारावे.

कोणाला विचारायचे

‘शाश्वतता सर्वेक्षण’ असे शीर्षक दिसले की ज्यांना आधीच आस्था आहे तेच ते उघडतात, बाकीचे पुढे सरकतात. मग निष्कर्ष चांगले येतात आणि खोटे असतात. यावर उपाय म्हणजे पटावरील नावांतून यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढावा तसा) नमुना काढणे, शीर्षक ‘परिसरातील दैनंदिन जीवन’ असे तटस्थ ठेवणे आणि उशिरा उत्तर देणाऱ्यांची पहिल्या दिवशीच्या उत्तरांशी तुलना करणे. उशिरा आलेली उत्तरे बरीच वेगळी असतील, तर न आलेली उत्तरे त्याहूनही वेगळी असण्याची शक्यता धरावी.

याहून गंभीर चूक अशी की सर्वेक्षण ईमेलने जाते आणि सफाई कामगार, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक, कंत्राटी माळी यांच्याकडे विद्यापीठाचा ईमेल नसतो. परिसरात कोणत्या पेटीत काय पडते, कोणत्या मजल्यावर दिवे रात्रभर चालू राहतात, हे सर्वांत अचूक त्यांनाच ठाऊक असते. त्यांच्याशी समोरासमोर, त्यांच्या भाषेत आणि कामाच्या वेळेत बोलायला हवे. त्यांना वगळून केलेली मोजणी अर्ध्या परिसराची आहे.

काळाचा प्रश्न

कोणतीही मोहीम सुरू होण्यापूर्वीची पातळी मोजलेली नसेल, तर नंतरच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. ऋतू, परीक्षा आणि सुट्ट्या यांमुळे वीज-पाण्याचा वापर बदलतो, म्हणून तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. विद्यापीठाची लोकसंख्याही स्थिर नसते. तीन-चार वर्षांत जवळजवळ सगळे विद्यार्थी बदलतात. निर्देशांक वाढला तर शिकवण्याचा परिणाम झाला, की आधीच जागरूक असलेली नवी तुकडी आली? त्यासाठी दरवर्षी नवा नमुना घेण्याबरोबरच काही विद्यार्थ्यांना प्रवेशापासून पदवीपर्यंत त्याच प्रश्नांनिशी भेटत राहावे लागते. मध्येच प्रश्नांची शब्दरचना सुधारण्याचा मोह टाळावा. शब्द बदलले की आधीच्या वर्षांशी असलेला धागा तुटतो.

खासगीपणा

मीटर जितके सूक्ष्म, तितका तपशील जास्त आणि तितकीच घुसखोरीही. खोलीनिहाय वीजवापरावरून कोण केव्हा झोपते, कोण रात्री खोलीत नव्हते हे कळू शकते; ओळखपत्राच्या नोंदींवरून कोण काय खाते हेही. म्हणून मजला किंवा इमारत हे सर्वांत लहान एकक ठेवावे, उत्तरांतून नावे मोजणीपूर्वीच वेगळी करावीत, फार लहान गटांचे आकडे प्रसिद्ध करू नयेत आणि लेखी संमतीत माहिती किती काळ ठेवली जाईल हे सांगावे. वसतिगृहाच्या अधीक्षकांना या नोंदी शिस्तीच्या कारवाईसाठी वापरता येणार नाहीत, हे आधीच ठरवून लोकांना कळवावे लागते. एरवी पुढच्या वर्षी खरी उत्तरे मिळत नाहीत.