बर्फापलीकडच्या राज्याची गोष्ट आणि जुना गोवा

हिमालयापलीकडे नकाशात नसलेलं एक खोरं आहे आणि तिथं कुणी युरोपी पाद्री जाऊन पोचलाय, ही कल्पना कादंबरीकारांना वर्षानुवर्षं पुरते आहे. १९३३ साली जेम्स हिल्टनने शांग्री-ला वसवलं, तेव्हा तिथल्या मठाचा म्हातारा प्रमुख त्याने लक्झेंबर्गचा कापुचिन पाद्री दाखवला. वाचणाऱ्याला हे सगळं मनचं वाटतं. पण असे पाद्री खरोखर गेले होते आणि त्यांतल्या पहिल्याच्या वाटेचं एक टोक आपल्या जुन्या गोव्यात आहे.

सेंट पॉल कॉलेजची कमान तिथं अजून उभी आहे. चिऱ्यांची भिंत, तिला काळ्या दगडाची नक्षी, आणि कमानीतून पलीकडे पाहिलं की थेट झाडं. इमारत नाहीच. पर्यटकांच्या गाड्या बॉम जिझसच्या चर्चपाशी थांबतात, इथं सहसा कुणी उतरत नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये या कॉलेजात सुरू झाला, एवढं बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं.

आंतोनियु द आंद्राद हा जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा माणूस, १६०० मध्ये पोर्तुगालहून गोव्याला आला. वय विशीचं, उरलेलं शिक्षण त्यानं इथंच पुरं केलं. हा काळ मराठी वाचकाला एका वेगळ्या नावामुळे जवळचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा गोव्यातल्या साष्टीत होते आणि त्यांचं मराठी काव्य क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापून निघालं. दोघं एकाच संघाचे. स्टीफन्सनी १५७९ मध्ये गोव्यात पाऊल ठेवल्यावर वडिलांना लिहिलेलं समुद्रप्रवासाचं पत्र पुढं इंग्लंडात छापलं गेलं. जेझुइटांना पत्र लिहायची शिस्तच होती. गेलेल्या माणसानं वर कळवायचं, वरच्यांनी नकला काढून पुढं धाडायच्या, चांगलं पत्र असेल तर युरोपात छापायचं. लांबच्या मुलखाच्या गोष्टी तिकडे पोचत त्या अशा.

आणि त्या गोष्टींत एक हट्टी अफवा होती. उत्तरेला ‘कथाय’ नावाचं मोठं राज्य आहे, तिथं विसरलेले ख्रिस्ती राहतात. ती तपासायला बेंतु द गोइश या जेझुइट बंधूला (बंधू म्हणजे संघातला, पण पाद्री नसलेला) आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेशात मोगल मुलखातून काबूल, यार्कंदमार्गे पाठवलं. १६०७ मध्ये तो चीनच्या वेशीवर वारला, पण कथाय म्हणजेच चीन हे त्याच्या प्रवासानं पक्कं केलं. प्रश्न खरं तर तिथं मिटायला हवा होता. मिटला नाही. डोंगरापलीकडचे ख्रिस्ती सापडतील ही आशा तिबेटकडे सरकली एवढंच.

३० मार्च १६२४ला आंद्राद आग्र्याहून निघाला. सोबत मानुएल मार्केश हा असाच जेझुइट बंधू आणि दोन चाकर. दिल्लीला ते बदरीनाथच्या जत्रेकरूंत मिसळले, हिंदूंसारखे कपडे करून. गढवालातल्या श्रीनगरला राजाच्या माणसांनी अडवलं. आंद्रादनं सांगितलं, मी पोर्तुगीज, भाऊ तिबेटात आहे, त्याला भेटायला चाललोय. मग गाठोड्यात काळा झगा सापडला. हा कशाला? भाऊ मेला असला तर सुतकात घालायला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि मला तरी त्यात किंचित फुशारकी ऐकू येते. (पाद्र्यांच्या लेखी सगळेच ख्रिस्ती भाऊ, तेव्हा खोटं बोलल्याचं पाप लागत नसावं.)

बदरीनाथच्या पुढं माणा गाव. तिथं बर्फ वितळायची वाट पाहायची, पण पुढं जाऊ देऊ नका असा हुकूम मागून येत होता. आंद्रादनं मार्केशला मागे ठेवलं आणि दोन चाकर व एक वाटाड्या घेऊन तो साडेपाच हजार मीटरहून उंच असलेल्या माणा खिंडीकडे निघाला. बर्फ कमरेएवढं, झोपायचं बर्फावरच. काहीतरी धरायला हात पुढं केला आणि बोटाचा तुकडा पडला. कळा नाहीत. रक्त दिसलं म्हणून कळलं. डोळे इतके दिपले की २५ दिवस प्रार्थनापुस्तकातलं अक्षर ओळखता येईना. त्या खेपेला त्यांना मागं फिरावं लागलं. पुढं मार्केशही येऊन मिळाला, बर्फ उतरलं, आणि ऑगस्टमध्ये ते पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या त्सापरांग या राजधानीत पोचले. हिमालय ओलांडल्याची नोंद असलेले हे पहिले युरोपी.

राजानं आगत केलं, परत यायचं वचन घेतलं. ८ नोव्हेंबरला आग्र्यात बसून आंद्रादनं सगळं पत्रात उतरवलं. १६२६ मध्ये ते लिस्बनला छापलं गेलं आणि नावात ‘महान कथायचा नवा शोध’ असे शब्द होते! गोइशला मरून १९ वर्षं झाली होती. खोटं ठरलेलं नाव मुखपृष्ठावर खपतं, ही युक्ती तेव्हाही माहीत होती. त्याच वर्षी ईस्टरला त्सापरांगमध्ये चर्चचा पाया घातला गेला. चारच वर्षांनी लडाखी फौज आली, राजा कैद झाला, राज्य संपलं. आज तिथं उघड्या डोंगरात गुहा आणि पडके वाडे आहेत.

आंद्राद तोवर गोव्यात परतून जेझुइटांचा प्रांतप्रमुख झाला होता. १९ मार्च १६३४ला इथंच, विषप्रयोगानं, तो मेला. बर्फानं जे केलं नाही ते घरच्या वाड्यात झालं. कादंबरीकाराला याहून काय हवं?

तरी मला वाटतं, चांगल्या ऐतिहासिक कादंबरीची जागा या माणसात नाही. त्याचं त्यानं स्वतः लिहून टाकलंय. वेशांतर, खिंड, राजा, सगळे प्रसंग तयार आहेत आणि ते उचलून अनेकांनी वापरलेत. पत्रातल्या त्या दोन चाकरांचं काय? त्यांचीही बोटं गळली का? माणाचा तो वाटाड्या राजाची आज्ञा मोडून निघाला, तो घरी बायकोला काय सांगून गेला? पत्र वरिष्ठांसाठी होतं, त्यांना हे नको होतं. लिहिणाऱ्यानं शिरावं ते या फटीत. गोव्यातल्या माणसानं तर नक्कीच. इथून पाखल्यांबरोबर (म्हणजे पोर्तुगिजांबरोबर) गलबतांवर आणि डोंगरांत गेलेल्या कितीजणांची नावं कागदावर नाहीत, ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

मार्केशला निदान नाव तरी आहे. १६४० मध्ये तो पुन्हा खिंड ओलांडून गेला आणि पकडला गेला. पुढच्या वर्षी त्याचं एक पत्र आग्र्याला पोचलं, हाल होताहेत, सोडवा, अशा मजकुराचं. त्यानंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही.