टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनासाठी पेट्रोल-ऑइल मिश्रण

बोटीच्या मागच्या फळीवर बसवल्या जाणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचा वेगळा साठा नसतो. त्यामुळे ऑइल ठरलेल्या प्रमाणात पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. हे मिश्रण कार्ब्युरेटरमधून (पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागातून) प्रथम क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत जाते, तेथील बेअरिंगांवर आणि सिलिंडरच्या आतील भागावर ऑइलचा पातळ थर ठेवते व नंतर जळते. नुसत्या पेट्रोलवर इंजिन चालवल्यास थोड्याच वेळात पिस्टन जाम होतो.

बेळगाव सीमाभागात बोटीच्या मोटारीची खरी गरज पावसाळ्यात लागते. २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा यांच्या काठची चिकोडी, निपाणी व अथणी भागातील गावे पाण्याने वेढली गेली होती. अशा वेळी घाईत, डोळ्यांच्या अंदाजाने ऑइल ओतले जाण्याचा धोका असतो.

प्रमाण इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतीलच पाळावे. ५०:१ हे प्रमाण बरेच आढळते. त्यात लिटरमागे २० मिलिलिटर, म्हणजे २४ लिटरच्या टाकीत ४८० मिलिलिटर ऑइल पडते. त्याहून जुन्या काही इंजिनांना २५:१, म्हणजे दुप्पट ऑइल लागते. जास्त ऑइल घातले की इंजिन अधिक सुरक्षित राहते, हा समज चुकीचा आहे. त्याने ठिणगी पाडणारे प्लग काळे पडतात आणि काजळी साचते. टाकीत आधी निम्मे पेट्रोल व सगळे ऑइल घालून चांगले हलवावे, मग उरलेले पेट्रोल ओतून पुन्हा हलवावे.

जुन्या टू-स्ट्रोक येझदी, आरएक्स १०० या मोटारसायकली किंवा रिक्षा चालवलेल्यांच्या परिचयाचे ‘टू-टी’ ऑइल येथे योग्य नव्हे. ती इंजिने हवेने थंड होतात, तर आउटबोर्ड पाण्याने. त्यासाठी टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे, राख न सोडणारे ऑइल असते. अन्य ऑइलमधील राखेचा थर प्लगवर व पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसतो.

अलीकडच्या पेट्रोलमधील इथेनॉलकडे तर विशेष लक्ष द्यावे लागते. ज्या उसावर या भागातील साखर कारखाने चालतात, त्याच उसापासून ते तयार होते. पण बोटीच्या टाकीत ते ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. टाकीची नळी तळातूनच ओढत असल्याने इंजिनाला वंगणाविना द्रव मिळतो. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने खराब होतात.

म्हणून वर्षातले काही दिवसच चालणाऱ्या मोटारीसाठी लागेल तेवढेच ताजे मिश्रण करावे; मागच्या पावसाळ्यातले वापरू नये. काम संपल्यावर, थंड ठेवणारे पाणी चालू असतानाच इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. तसे न केल्यास कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर जेटची बारीक भोके बुजवतो.