कललेलं चाक

शर्यतीची गाडी उजवीकडे सुसाट निघाली आहे, इतकी की तिचं नाक फोटोच्या चौकटीबाहेर गेलंय. टाकीवर 6 हा आकडा. मागचं चाक गोल नाहीच. पुढे झुकलेलं लांबट अंडं म्हणावं असं. आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक नि खांब? ते उलट्या बाजूला कललेत.

फ्रेंच ग्रां प्री या मोटार-शर्यतीच्या वेळचा हा फोटो झाक आंरी लार्तिग या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं काढला. बरीच वर्षं त्यावर 1912 हे साल लिहिलं जायचं. तो 1913 च्या, फ्रान्समधल्या आमियाँ गावच्या शर्यतीतला असावा, असं आता अभ्यासक मानतात.

चाक वाकलं नव्हतं. गंमत शटरची. त्या कॅमेऱ्यात फोटो ज्यावर उमटायचा त्या काचेच्या प्लेटसमोर कापडी पडदा असे आणि त्यात एक आडवी फट. बटण दाबलं की फट वरून खाली सरकत जायची, म्हणजे फोटो एका क्षणात न निघता पट्ट्यापट्ट्यांनी निघायचा. भिंगामुळे प्लेटवर चित्र उलटं पडतं, म्हणून आधी टिपलं जायचं चाकाचं बूड आणि शेवटी माथा. समजा, बुडापासून माथ्यापर्यंत पोचायला फटीला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला. ताशी 100 किलोमीटरनं धावणारी गाडी तेवढ्यात अर्ध्या मीटरहून जास्त पुढे सरकते. माथा पुढे, बूड मागे. झालं अंडं!

मग माणसं का कलली? ती तर जागची हलली नव्हती. हलला होता कॅमेरा. लार्तिग तो गाडीबरोबर वळवत होता, पण तिच्या वेगाला पुरा पडला नाही. त्यामुळे प्लेटवर गाडी पुढे सरकत राहिली आणि गर्दी मागे. कॅमेरा तंतोतंत गाडीच्या वेगानं वळला असता, तर चाक गोल आलं असतं आणि हा फोटो कुणाच्या लक्षातही राहिला नसता. व्यंगचित्रकार आजही पळणाऱ्या गाडीची चाकं पुढे झुकलेली काढतात, ती सवय अशाच फोटोंची.

मोबाइलमध्ये कापडी पडदा नाही, पण बहुतेक फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीनंच वाचतो. धावत्या लोकलच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत विजेचे खांब तिरके येतात ते त्यामुळे. असे फोटो बिघडले म्हणून मी सरळ डिलीट करत आलोय. लार्तिगनंही आपला फोटो फसला असं समजून तो वर्षानुवर्षं बाजूला टाकला होता.