गुदद्वाराच्या दाबमापनातील वांशिक फरक कुठून येतात?

शौचावर ताबा न राहणे किंवा बराच वेळ कुंथूनही पोट साफ न होणे, ही दुखणी माणूस डॉक्टरांपुढेही चटकन बोलून दाखवत नाही. त्यांचे मूळ शोधण्यासाठी रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून, दाब टिपणारे संवेदक बसवलेली एक बारीक, लवचिक नळी गुदद्वारातून आत सरकवतात. स्वस्थ पडलेले असताना दिसणारा दाब मुख्यतः आतल्या वलयी स्नायूचा असतो आणि तो आपल्या इच्छेवर चालत नाही. आवळल्यावर वाढणारा दाब मात्र बाहेरच्या, इच्छेने हलणाऱ्या स्नायूचा असतो. गुदद्वार आणि गुदाशयाच्या कार्यातील बिघाडांच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लंडन वर्गीकरणा’सोबत या तपासणीचा क्रमही ठरवून देण्यात आला: 3 मिनिटे नळीची सवय होऊ द्यायची, मग 60 सेकंद स्वस्थ दाब मोजायचा, त्यानंतर आवळणे, खोकणे आणि शेवटी शौचाला बसल्यासारखे कुंथणे. गुदाशयाची संवेदना पाहण्यासाठी छोटा फुगा हळूहळू फुगवतात.

अनेक वंशांचे लोक येतात अशा रुग्णालयात या आकड्यांच्या सरासऱ्या गटागटांत वेगळ्या निघाल्या, तर शरीररचनाच वेगळी आहे असे म्हणण्याचा मोह होतो. ही घाई मला धोक्याची वाटते. आवळण्याचा दाब स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कमी असतो, वयानुसार स्वस्थ दाब उतरतो, बाळंतपणात स्नायू फाटला असेल तर तो आणखी घटतो आणि नळीचा प्रकार बदलला तरी आकडे बदलतात. शिवाय रुग्णालयात आलेली माणसे म्हणजे त्या समाजाचा नमुना नव्हे. ज्या घरांत बायका हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात, तिथून येणारी रुग्ण दुखणे विकोपाला गेल्यावरच येते, आणि उशिराचा तो परिणाम मग वंशाच्या खात्यावर मांडला जातो.

भाषेचा प्रश्न तर आकड्यांत दिसतही नाही. तपासणीचा अर्धा भाग सूचनांवर चालतो. मराठी बाईला ‘जोर लावा’ म्हटले तर ती कदाचित घाबरून आवळूनच धरील; ‘कुंथा’ म्हटले की नेमके काय करायचे ते तिला कळते. परदेशातल्या दवाखान्यात परक्या भाषेतून, अनोळखी माणसांसमोर, कुशीवर पडून हे करायचे असेल तर? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात, कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांपैकी 87 टक्के जणींमध्येही कुंथताना दाबाचा आलेख ‘सदोष’ आढळला होता. निरोगी माणसांचीच ही गत असेल, तर दोन गटांमधल्या अशा आलेखांच्या फरकावर कितपत विसंबायचे?

निरोगी मानायचे आकडे, म्हणजेच प्रमाणे, वंशानुसार वेगळी ठरवणे हा यावरचा उपाय वाटू शकतो, पण इतर शाखांचा अनुभव सावध करणारा आहे. मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज बांधण्याच्या सूत्रातून अमेरिकेत 2021 मध्ये वंश वगळला गेला, आणि 2023 मध्ये तिथल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने फुप्फुसांच्या चाचणीसाठीही वंशनिरपेक्ष प्रमाणांची शिफारस केली. एखाद्या गटासाठी कमी दाब ‘नेहमीचाच’ ठरवला, तर त्या गटातल्या स्त्रीचा बाळंतपणात खरोखर फाटलेला स्नायू अहवालात निरोगी म्हणून नोंदला जाईल आणि तिचे उपचार लांबतील. त्याच भागातल्या निरोगी माणसांची त्याच यंत्रावर घेतलेली मापे याहून कितीतरी उपयोगी पडतात. मात्र प्रत्येक मापासोबत वय, बाळंतपणांची संख्या, नळीचा प्रकार आणि सूचना कोणत्या भाषेत दिल्या, हे लिहून ठेवायला हवे.