प्रादो संग्रहालय

स्पेनची राजधानी माद्रिद येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालय. ‘प्रादो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ कुरण असा आहे. ज्या परिसरात ही वास्तू उभी राहिली तेथील जुन्या कुरणावरून हे नाव रूढ झाले. तिसऱ्या कार्लोस राजासाठी वास्तुविशारद हुआन दे व्हियानुएव्हा याने १७८५ मध्ये तिचा आराखडा केला, तो निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी. चित्रसंग्रहालय म्हणून ती १९ नोव्हेंबर १८१९ रोजी खुली झाली.

कलेचा इतिहास क्रमाने सांगण्याच्या हेतूने हा संग्रह जमवलेला नाही. त्याचा गाभा स्पॅनिश राजघराण्याच्या मालकीचा असल्यामुळे राजांच्या आवडीनिवडी आणि वैरे त्यात स्पष्ट दिसतात. स्पेनचा राजा पाचवा कार्ल आणि त्याचा पुत्र दुसरा फिलिप हे व्हेनिसचा चित्रकार टिशियन याचे आश्रयदाते असल्याने व्हेनिसच्या चित्रकारांची चित्रे येथे विपुल आहेत. फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमचा भाग) स्पॅनिश सत्तेखाली असल्याने तेथील चित्रकार रूबेन्स याची चित्रेही भरपूर आहेत. उलट स्पेनविरुद्ध बंड करून स्वतंत्र झालेल्या डचांची चित्रे थोडी असून रेम्ब्रांटचे तर एकच आहे. चित्रकार हिएरोनिमस बॉशचे स्वर्ग, भोग आणि नरक दाखवणारे तीन फळ्यांवरील विलक्षण चित्र धर्मनिष्ठ दुसऱ्या फिलिपने १५९३ मध्ये माद्रिदजवळील एस्कोरियालच्या मठात ठेवले होते, ही गोष्ट आजच्या प्रेक्षकाला चकित केल्याशिवाय राहत नाही.

बाराव्या दालनातील, स्पॅनिश दरबारी चित्रकार व्हेलास्केसचे ‘लास मेनिनास’ (१६५६) हे तीन मीटरहून अधिक उंचीचे चित्र प्रथम दालनाच्या दुसऱ्या टोकावरून पाहावे. राजकन्या मार्गारिता, तिच्या सख्या, कुंचला घेतलेला स्वतः चित्रकार आणि मागच्या आरशातील राजाराणी यांच्या नजरा जुळवू लागल्यावर, राजाराणी उभे असावेत त्याच जागी आपण उभे आहोत, असे प्रेक्षकाला वाटू लागते. जवळ गेल्यावर मात्र वस्त्रांवरची चमक म्हणजे रंगाचे काही सैल फटकारे आहेत, एवढेच उरते. १७३४ मध्ये माद्रिदचा राजवाडा जळाला, तेव्हा हे चित्र वाचले.

स्पॅनिश चित्रकार गोयाचा प्रवास येथे जितका सलग पाहता येतो तितका अन्यत्र नाही. राजवाड्यातील भिंतीवरच्या गालिच्यांसाठी केलेल्या प्रसन्न नमुनाचित्रांपासून तो १८०८ मध्ये फ्रेंच सैन्याने केलेल्या माद्रिदकरांच्या हत्याकांडाच्या चित्रापर्यंत (१८१४) आणि पुढे ‘काळ्या चित्रां’पर्यंत जातो. ही चौदा चित्रे त्याने म्हातारपणी आपल्या घराच्या भिंतींवर तैलरंगात काढली होती. १८७४ पासून ती कॅनव्हासवर उतरवताना त्यांचे बरेच नुकसान झाले. ती सर्वांत शेवटी पाहावीत, कारण त्यांच्यानंतर दुसरे काही पाहण्यात मन लागत नाही.

स्पॅनिश यादवी युद्धात, १९३६ पासून, निवडक चित्रे बाँबहल्ल्यांच्या भीतीने व्हॅलेन्सिया व कॅटालोनियामार्गे जिनिव्हाला हलवली गेली. १९३९ मध्ये ती परत आली. वास्तुविशारद राफाएल मोनेओ याने केलेला संग्रहालयाचा विस्तार २००७ मध्ये पूर्ण झाला. दालनांत छायाचित्रणास मनाई आहे, त्यामुळे गर्दी असली तरी ती हातातल्या मोबाईलकडे नव्हे, चित्रांकडेच पाहत असते.