ओला प्लग, दोन दुखणी: ओव्हर झालेली गाडी आणि करंट गेलेली गाडी

पंधरा-वीस किका मारून झाल्यात, कपाळावरून घाम निथळतोय, पेट्रोलचा वास नाकात बसलाय आणि गाडी हूं की चूं करत नाही. शेवटी पान्याने प्लग उघडला तर टोक ओलंचिंब. शेजारी उभा असलेला कोणीतरी लगेच निकाल देतो, "ओव्हर झालीय," म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय. मग प्लग पुसायचा, फुंकर मारायची, परत लावायचा, परत किका. कार्बोरेटरवाल्या जुन्या मोटारसायकलींचे मालक या खेळात तासन्‌तास घालवतात, आणि पुष्कळदा गाडी मुळात ओव्हर झालेलीच नसते. तिचा करंट गेलेला असतो, म्हणजे प्लगला ठिणगीच पडत नसते.

घोळ होतो तो ओल्या प्लगमुळे. ओला प्लग एकच गोष्ट खात्रीने सांगतो: पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचलं. ते गरजेपेक्षा जास्त आलं, की बेताचंच आलं पण पेटलंच नाही, यावर तो काही बोलत नाही. चांगल्या गाडीत किकेसरशी आत आलेलं पेट्रोल जळून जातं. ठिणगी पडत नसेल तर पहिल्या किकेचं पेट्रोल तसंच राहतं, त्यावर दुसऱ्या किकेचं येतं, मग तिसऱ्या. दहाव्या किकेनंतर करंट गेलेली गाडी आणि ओव्हर झालेली गाडी प्लगवरून ओळखूच येत नाहीत. कोरडा प्लग त्या मानाने सरळ माणूस. पेट्रोल येत नाहीये. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ), टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल जायचं बारीक भोक) तपासा, विषय संपला.

दोन्ही दुखण्यांत गाडी पेटत नाही, पण कारणं एकमेकांच्या उलट आहेत. इंजिनात द्रव पेट्रोल जळत नाही, जळते ती हवेत मिसळलेली त्याची वाफ. वजनाने पाहिलं तर एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे पूर्ण जळण्याचं प्रमाण. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून मिश्रण मुद्दाम जाड करायचं. पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की ठिणगी कितीही जोरदार पडली तरी मिश्रण पेट घेत नाही, ही झाली ओव्हर. करंट गेलेल्या गाडीत मिश्रण अगदी योग्य असतं, फक्त काडी ओढणारं कोणी नसतं.

प्लग उघडण्याआधी दोन मिनिटं आठवायला द्या. गाडी कशी बंद पडली? चालू गाडी आचके देत, फटाके मारत, वेग वाढला की जास्तच अडखळत बंद पडली असेल तर माझा पहिला संशय करंटवर. लायटीचं बटण दाबावं तशी एका क्षणात मेली असेल तर जवळजवळ नक्कीच करंट. तेव्हा किल स्विच, फ्यूज आणि इग्निशनच्या स्विचमागची वायर आधी बघा. (किल स्विचला हसू नका. रुमालाने हँडल पुसताना तो सरकतो आणि मग माणूस अर्धा तास किका मारत बसतो.) उलट, गाडी काल व्यवस्थित उभी केली होती, कॉक रात्रभर उघडाच राहिला आणि सकाळी गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसला, तर ओव्हर. इंजिन गरम असताना सवयीने चोक ओढला, तरी ओव्हर. गेले काही दिवस काळा धूर, मंदावलेला पिकअप आणि घटलेलं ॲव्हरेज असेल तर जास्तीचं पेट्रोल कधीपासून येतंय हेही कळलं.

आता सगळ्यात फसवा पुरावा. "थोडा वेळ थांबलं की चालू होते" हे वाक्य ओव्हर झाल्याची खूण म्हणून सांगितलं जातं. कारण खरंही वाटतं: पंधरा-वीस मिनिटांत आतलं पेट्रोल उडून जातं आणि गाडी लागते. पण म्हाताऱ्या कॉइलचं, म्हणजे प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाचं, वागणंही हुबेहूब असंच असतं. गाडी तापली की कॉइलच्या आतली बारीक तार किंवा तिचं वेष्टण दगा देतं, करंट जातो, गाडी बंद. वीस मिनिटांत कॉइल निवते आणि करंट परत येतो. ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणारी मॅग्नेटमधली पिकअप कॉइलही हेच करते, कंडेन्सरही करतो. म्हणजे थांबल्यामुळे दोन्ही गाड्या चालू होणार आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. अशा गाडीची तपासणी ती गरम आणि मेलेली असतानाच करायची. थंड झाल्यावर घरी आणून बघितलेला करंट निर्दोषच दिसणार.

तपासणीचा मुख्य भाग ठिणगीचा. इथे बहुतेक लोक एक चूक करतात: सिलिंडरमधून काढलेला ओला, काजळी धरलेला प्लग कॅपमध्ये (प्लगवर बसणाऱ्या वायरीच्या टोपीत) खोचून किक मारतात, ठिणगी दिसत नाही आणि करंट गेल्याचं जाहीर करतात. पेट्रोल स्वतः वीज वाहून नेत नाही, पण काजळी नेते. काजळी आणि पेट्रोलचा चिखल पोर्सेलिनवर बसला की करंट गॅप (प्लगच्या टोकाची फट) ओलांडण्याऐवजी त्या चिखलावरून गुपचूप अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूत, निघून जातो. म्हणजे प्लगच खराब, वरचा करंट ठणठणीत. म्हणून चाचणीला चांगला चाललेला किंवा नवा कोरडा प्लग घ्या. बहुतेक जुन्या गाड्यांत गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा.

आधी कॉक बंद करा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि जवळ ठिणगी पडली तर ती भडकते, तेव्हा भोकावर कापड कोंबा आणि चाचणीचा प्लग भोकापासून लांब, हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवा. धातूवर रंग असेल तिथे अर्थ मिळत नाही. कॅप मोकळी लोंबकळत ठेवून किक मारायची नाही. विशेषतः सीडीआयच्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाडीत करंटला वाट मिळाली नाही तर कॉइलचं वेष्टण फुटू शकतं. सावलीत बघा. जाड, निळसर-पांढरी, टक्‌कन आवाज करणारी ठिणगी म्हणजे करंट आहे. बारीक, पिवळट-नारिंगी, कधी पडते कधी नाही अशी असेल तर तिला "करंट येतोय" म्हणू नका.

आणि निळी ठिणगी दिसली तरी एक शंका राखून ठेवा. फ्रिडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं की वायूतून ठिणगी पाडायला लागणारा व्होल्टेज वायूच्या दाबावर आणि गॅपवर अवलंबून असतो. मोकळ्या हवेत पाऊण मिलिमीटर ओलांडणं सोपं आहे. सिलिंडरच्या आत, कॉम्प्रेशनखाली, तेवढ्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतो. अशक्त कॉइल बाहेर मस्त ठिणगी दाखवते आणि आत हात टेकते. म्हणून काही जण चाचणीसाठी मुद्दाम मोठा गॅप ठेवतात. बॅटरीवर चालणारी सशक्त कॉइल मोकळ्या हवेत ५-६ मिलिमीटर पार करते.

ठिणगी जोरदार असेल तर ओव्हर झाल्याचा उपाय करून बघा. प्लग बाहेरच ठेवा, कॉक बंद, चोक न ओढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि दहा-बारा किका मारून आतलं पेट्रोल बाहेर काढा. कॅप मात्र जोडलेल्या प्लगसकट अर्थला टेकलेली हवी. मग कोरडा प्लग बसवून पुन्हा ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारा. जास्तीत जास्त हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. गाडीने खोकला काढला, एखादा भपकारा सोडला, तर निदान बरोबर आहे, चालू ठेवा. सुटी ठिणगी चांगली, उपायही केला, तरी मेल्यासारखी शांत? तर पुन्हा करंटकडेच वळा, किंवा पेट्रोलच म्हातारं झालंय का ते बघा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो. प्लग ओला होतो, ठिणगी पडते आणि तरीही काही पेटत नाही.

माझ्या टू-स्ट्रोकवर मी एक अख्खी सकाळ कार्बोरेटर धुण्यात घालवली होती. जेट फुंकले, फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीतला तरंगणारा तुकडा) हलवून बघितला, त्याच्या जोडीने पेट्रोल अडवणारी निडल बदलली. प्लग दर वेळी ओला. दुपारी कंटाळून कॅप ओढली तर ती वायरीवरून अलगद हातात आली. आतलं तांबं हिरवं पडलेलं. अर्धा सेंटिमीटर वायर कापली, कॅप पिळून पुन्हा बसवली, आतला चिखल काढला आणि दुसऱ्या किकला गाडी लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणतात ते हेच.

तेव्हापासून करंट शोधायचा तर मी खालून वर न जाता वरून खाली येतो, कारण स्वस्त आणि उघड्या गोष्टी वरच असतात. प्लग, मग कॅप (पुष्कळ कॅपमध्ये ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो आतून तुटतो), मग वायर, मग कॉइलची अर्थ. बॅटरीवर चालणारं इग्निशन असेल तर बॅटरी: १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली तर तिच्याकडून अपेक्षा नको. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंट (उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे धातूचे तुकडे) उघडून बघा. फायबरची टाच झिजत जाते, गॅप हळूहळू मिटतो आणि एक दिवस करंट येणं थांबतं. साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा गॅप लागतो. पॉइंटच्या टोकांवर खड्डे आणि काळेपणा असेल आणि किक मारताना तिथे मोठा लखलखाट दिसत असेल तर कंडेन्सर गेलेला आहे. नुसते पॉइंट घासून भागणार नाही.

ओव्हर होण्याची कारणं मात्र जवळजवळ सगळी एका वाटीत सापडतात, फ्लोटच्या. निडलच्या टोकाला झिजून कडं पडलेलं असतं, किंवा तिच्या बैठकीत गंजाचा कण अडकतो आणि पेट्रोल थांबतच नाही. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर तो फुटलाय, पेट्रोल भरून जड झालाय आणि आता तरंगत नाही. वाटीच्या बाहेर, खाली लोंबणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब येत असतील तर उघडायच्या आधीच उत्तर मिळालं. वाटीत सगळं ठीक असेल तर अडकलेला चोक आणि गच्च झालेला एअर फिल्टर, एवढंच उरतं.

दोन्ही एकदम झालेलं असेल, म्हणजे आधी करंट गेला आणि मग किकांनी गाडी ओव्हरही झाली, तर क्रम चुकवू नका: पहिल्यांदा करंट, मग आतली ओल. उलटं केलं तर वाळवलेलं सिलिंडर पुढच्या किकांनी पुन्हा भिजतं. टू-स्ट्रोकमध्ये जास्तीचं पेट्रोल क्रँककेसमध्ये साठतं आणि नुसता प्लग पुसून हलत नाही. तिथे प्लग काढून भरपूर किका माराव्या लागतात.

फोर-स्ट्रोकमध्ये रात्रभर गळालेलं पेट्रोल रिंगांच्या बाजूने झिरपत इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि ते पाण्यासारखं पातळ असेल तर गाडी चालू व्हायच्या आधीच ऑइल बदला, नाहीतर बेअरिंगला वंगण मिळणार नाही. आणि किक मध्येच दगडासारखी अडली तर पायाचा जोर लावू नका. सिलिंडरमध्ये द्रव पेट्रोल भरलं असेल तर ते दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. प्लग काढा आणि मग हळूच किक दाबा.