मेमरी टायमिंगची पार्श्वभूमी: वेग पंधरापट, वाट पाहणं तेवढंच

रॅमच्या स्टिकरवर १६-१८-१८-३८ असे चार आकडे छापलेले असतात. हेच मेमरी टायमिंग. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) शिरून ते हाताने कमी करायचे, मशीन सुरू होतं का ते पाहायचं आणि मग रात्रभर चाचणी लावून झोपायचं, हा उद्योग आज हौशी मंडळींचा वाटतो. त्याचं मूळ मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या एका काटकसरीत आहे.

आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली डायनॅमिक रॅमचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर आणि त्यात एक बिट, एवढीच रचना. हा कपॅसिटर म्हणजे गळकी घागर. ती ठरावीक वेळाने पुन्हा भरली नाही तर माहिती गेलीच. १९७० मध्ये इंटेलची १ किलोबिटची ११०३ चिप बाजारात आली आणि चुंबकीय कोअर मेमरीचे दिवस भरले. पण क्षमता वाढली की पत्ता लांबतो आणि पत्ता लांबला की चिपला पायही (बाहेरच्या जोडणीच्या पिना) जास्त लागतात. ४०९६ बिटांसाठी १२ बिटांचा पत्ता हवा. मॉस्टेक कंपनीने १९७३ मध्ये तो पत्ता दोन हप्त्यांत पाठवायची युक्ती काढली. बिट ओळी आणि स्तंभांच्या जाळीत मांडलेले असतात: आधी ओळ सांगायची, मग त्याच सहा तारांवरून स्तंभ. चिप १६ पायांत बसली. ओळ उघडणं आणि स्तंभ वाचणं या दोन वेगळ्या पायऱ्या झाल्या आणि त्यांच्यात किती थांबायचं हा प्रश्न तेव्हापासून कायमचा मागे लागला.

ते चार आकडे म्हणजे ही थांबण्याचीच मापं. स्तंभ सांगितल्यापासून माहिती हाती येईपर्यंतचा वेळ म्हणजे कॅस लेटन्सी. ओळ उघडल्यावर स्तंभ सांगण्याआधीचा थांबा दुसरा, ओळ बंद करून पुढचीसाठी तयार होण्याचा तिसरा, आणि ओळ किमान किती काळ उघडी ठेवायची तो चौथा. चौथा महत्त्वाचा, कारण ओळ वाचली की कपॅसिटर रिकामे होतात आणि वाचलेलं तिथेच परत भरावं लागतं.

नव्वदच्या दशकातल्या बायोसमध्येही अशी कळ होती. एफपीएम आणि ईडीओ या तेव्हाच्या रॅमच्या जातींना अनुक्रमे ५-३-३-३ आणि ५-२-२-२ असे पर्याय दिसत (ओळीने चार तुकडे वाचताना प्रत्येकासाठीचा थांबा). पुढे एसडीरॅम ही नवी जात क्लॉकच्या तालावर चालू लागली आणि थांबे नॅनोसेकंदांऐवजी क्लॉकच्या ठोक्यांत मोजले जाऊ लागले. पीसी१०० या एसडीरॅमच्या काळात रॅमच्या पट्टीवरची एसपीडी नावाची चिमुकली चिप रूढ झाली. मदरबोर्ड ती वाचून टायमिंग आपलं आपण लावू लागला.

खरी गंमत मात्र हिशोबात आहे. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवणारी पुढची रॅम; नावातला शेवटचा आकडा तिचा वेग, आणि ठोके त्याच्या निम्मे. डीडीआर-४०० वर कॅस २, म्हणजे ५ नॅनोसेकंदांचे दोन ठोके: १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० वर कॅस १६: पुन्हा १०. डीडीआर५-६००० वर कॅस ३०: तरीही १०! या काळात एका स्टिकचा मालवाहू वेग सेकंदाला ३.२ जीबीवरून ४८ जीबीवर गेला. पहिल्या बाइटची वाट पाहणं मात्र जागच्या जागीच राहिलं. उत्पादकांनी जास्त बिट आणि स्वस्त बिट यांच्यामागे धाव घेतली, आणि कमी विलंबासाठी लागणारी सिलिकॉनची जागा महाग पडते. माझ्या मते हाताने टायमिंग लावणारे आजवर टिकले ते यामुळेच: कंपन्यांनी जिथे हात आखडता घेतला, तिथेच त्यांना वाव उरला.

आणि हा वाव भ्रम नाही. छापील टायमिंग सर्वांत कमकुवत बिट आणि ८५ अंशांची उष्णता गृहीत धरून ठरतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी ११५ मॉड्यूल तपासून २०१५ मध्ये दाखवून दिलं की ५५ अंशांवर हेच आकडे चूक न होता बरेच खाली आणता येतात. हौशी लोकांना हे अनुभवाने आधीच ठाऊक होतं. विनबाँडच्या बीएच-५ चिपांचं प्रमाण व्होल्टेज २.६ होतं, ३.३ आणि त्याहून वर दिलं की त्या चढ्या क्लॉकवरही २-२-२ (पहिले तीन आकडे) टिकवून धरत. डीडीआर४च्या काळात तोच मान सॅमसंगच्या बी-डाय चिपांना मिळाला.

२००७ मध्ये इंटेलचं एक्सएमपी, म्हणजे रॅमवरच साठवलेली तयार सेटिंग, आलं आणि एका क्लिकवर चढा वेग मिळू लागला. तरी बरीचशी उपटायमिंग (त्या चार आकड्यांपलीकडची बारीकसारीक मापं) बोर्ड स्वतःच्या अंदाजाने, सैल हाताने लावतो. २०१७ च्या एएमडीच्या रायझेन प्रोसेसरने हा विषय घराघरांत नेला. प्रोसेसरच्या आतला दुवा, इन्फिनिटी फॅब्रिक, मेमरीच्या क्लॉकलाच बांधलेला होता, म्हणून रॅम रेंगाळली की सगळंच रेंगाळायचं. सुरुवातीचे काही आठवडे लोक चढ्या वेगाला बूट करण्यासाठीच झगडत होते. मे महिन्यात एएमडीने बोर्डच्या नव्या फर्मवेअरमधून मेमरीच्या २६ सेटिंग खुल्या केल्या, तेव्हा कुठे श्वास घेता आला.

चाचणीची परंपराही तितकीच जुनी. जॉन मॅकॅल्पिन यांचं स्ट्रीम वेग मोजतं, ख्रिस ब्रेडी यांचं १९९४ पासूनचं मेमटेस्ट८६ चुका शोधतं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि लोक पहिल्यावरच समाधान मानतात, हे मला मनापासून खटकतं. वेगाचा आकडा सुंदर येतो आणि एखादा बिट गुपचूप उलटतो. मशीन बंद पडत नाही, फाइल मात्र बिघडून डिस्कवर जाते. डीडीआर५ चिपच्या आतच एका बिटाची चूक दुरुस्त करते. त्यामुळे चाचणीत काही चुका दिसतच नाहीत, आणि चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्या दुरुस्तीचं संरक्षण नाहीच.

रिफ्रेशच्या, म्हणजे ती गळकी घागर पुन्हा भरण्याच्या, बाबतीत मी स्वतः धडा घेतला. डीडीआर४ला दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश लागतो. ३२०० च्या वेगाला हे १२४८० ठोके होतात. मी पुण्यात डिसेंबरात तो आकडा थेट ६५५३५ वर, म्हणजे पाचपटीच्या पुढे नेला. रात्रभर मेमटेस्ट चाललं, एकही चूक नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी, खोलीत ३८ अंश असताना, मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधली माहिती बिघडल्याची सूचना) आला. तीच फाइल पुन्हा उघडली तर नीट उघडली. घागर तीच होती, पण उन्हाळ्यात गळती वाढते. आकडा ३२००० वर आणला, साइड पॅनल लावलेलंच ठेवून दुपारी दोन वाजता चाचणी पुन्हा सुरू केली, आणि या वेळी ती पहाटेपर्यंत चालू दिली.